वाईला उतरलो

शुक्रवार

वाईवरून मी आजवर निदान वीसेक वेळा गेलो असेन. शाळेची सहल, ऑफिसची सहल, लग्नानंतरचं महाबळेश्वर, मुलांना घेऊन पाचगणी. एसटी वाईच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. आपण खाली उतरून घाईघाईत चहा घ्यायचा, कंडक्टरने घंटी मारली की पळत आत, आणि मग पसरणीचा घाट. तेवढीच माझी वाई. त्यामुळे आईने जानेवारीत अचानक "मला एकदा वाई बघायचीय" म्हटलं, तेव्हा मी आपला महाबळेश्वरच्या हॉटेलांचे भाव बघायला लागलो. ती म्हणाली, "वर नाही जायचं. वाई म्हटलं मी."

याला कारण आमच्या घरातलं एक कपाट. बाबा बार्शीला शाळेत शिक्षक होते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, 'अंक' या नोंदीपासून सुरू होणारा. त्यानंतर जसजसे खंड येत गेले तसतसे ते बाबा घेत गेले. पगारात बसो न बसो, खंड यायचाच. लहानपणी मी विचारलं होतं, हे कोण लिहितं? बाबा म्हणाले, "वाईला लिहितात." पुढची कित्येक वर्षं माझ्या डोक्यात वाई म्हणजे असं गाव होतं, जिथे एका मोठ्या वाड्यात म्हातारे लोक बसलेत आणि जगातली प्रत्येक गोष्ट एकमेकांना विचारून लिहून घेतायत. हे चित्र फार चुकीचं नव्हतं, हे आता कळतं. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडलं. बाबा त्याच्या आधीच गेले. शेवटचे खंड आमच्याकडे नाहीत, कपाटात तेवढी जागा मोकळी आहे.

तर फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला स्वारगेटहून निघालो. खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला. सुरूर फाट्याला गाडी हायवे सोडून उजवीकडे वळली आणि एकदम अंधार झाला. खिडकीतून गार वारा यायला लागला तशी आईने स्कार्फ बांधला. स्टँडजवळच एक साधं लॉज घेतलं. खाली पिठलं-भाकरी आणि हिरवा ठेचा. ठेच्याने माझे कान गरम झाले, आईने मात्र परत मागून घेतला. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे.

शनिवार

सकाळी साडेसहाला घाटावर. एवढ्या लवकर जायचा हट्ट आईचा आणि तो बरोबर निघाला, कारण नऊनंतर गणपती घाटावर गाड्या लागतात आणि मग कृष्णा दिसण्याऐवजी बंपर दिसतात.

ढोल्या गणपती आपण फोटोत बघितलेला असतो. तरी आत गेल्यावर दचकायला होतं. एकाच दगडातली बसलेली मूर्ती, आणि बसलेली असूनही माणसाहून उंच. नाव उगाच पडलेलं नाही. आई हात जोडून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काय बूड मांडून बसलाय! ह्याला कुठला पूर हलवणार?"

गंमत म्हणजे पुराचा विचार बांधणाऱ्यांनी केलेलाच होता, फक्त तो पुढून दिसत नाही. दर्शन घेऊन लोक आल्या पावली परत जातात. आपण देवळाला वळसा घालून नदीच्या अंगाने मागे जायचं. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलीय. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा या टोकावर आपटून दोन्हीकडे फाकतो आणि देऊळ तसंच उभं राहतं. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं हे देऊळ अडीचशेहून जास्त पावसाळे पचवून उभं आहे. मी त्या भिंतीला हात लावून बघितला. दगड गार, चुन्याचे सांधे बारीक. तिथे फोटो काढणारं एकही माणूस नव्हतं. एक कुत्रं झोपलं होतं, बस.

शेजारीच काशीविश्वेश्वर. हे देऊळ गणपतीच्या पाच वर्षं आधीचं, १७५७ चं, आनंदराव रास्त्यांनी बांधलेलं. भोवती तट, पुढे दोन दीपमाळा, आणि काळ्या दगडाचा असा गुळगुळीत नंदी की त्याच्या पाठीत आपला चेहरा दिसेल असं वाटतं. मला गणपतीपेक्षा हेच आवडलं. गणपती दिपवतो, इथे बसावंसं वाटतं. आईला दीपमाळेच्या सावलीत बसवलं आणि पायरीवर बसून तिला रास्त्यांची गोष्ट सांगितली.

रास्ते मूळचे गोखले. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली आणि रास्त्यांच्या घराण्याचं नशीब उघडलं. वाईतले घाट आणि देवळं बरीचशी या घराण्याची. म्हणजे आज आपण जी वाई बघतो तिच्यातली निम्मी वाई एका लग्नातून उभी राहिलीय असं म्हटलं तरी चालेल. पण त्या बाईचं काय झालं? थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. धाकट्यांपैकी माधवराव क्षयाने ऐन तारुण्यात गेले, नारायणरावांना गारद्यांनी शनिवारवाड्यात मारलं. आणि ढोल्या गणपतीचं साल १७६२, पानिपतानंतरचं दुसरंच वर्ष.

आई काही वेळ नंदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावांनी एवढी देवळं बांधली. बहिणीला काय मिळालं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा घ्यायला गेलो.

चहावाल्याने सांगितलं की कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, नशिबाने योग जुळला. वाईत सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. माघात सुरुवात होऊन फाल्गुनापर्यंत प्रत्येक घाटाचा उत्सव पाळीपाळीने होतो. कृष्णाबाई म्हणजे नदीच, तिची मूर्ती करून मांडवात बसवायची, मग कीर्तन, पालखी, जेवणं. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला होता, त्यातून हा उत्सव सुरू झाला अशी आख्यायिका आहे. अफझलखान वाईचा सुभेदार होता, प्रतापगडाकडे तो इथूनच गेला, त्यामुळे वाईकरांना धाकधूक असणार हे खरंच. नदीला साडी नेसवून, दागिने घालून तिच्यापुढे बायका ओटी भरतायत हे बघून आईने लगेच पिशवीतून खण काढला. म्हणजे घरून निघतानाच घेतलेला होता! तिला उत्सवाचं माहीत होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकलीच. मांडवातली कृष्णाबाई नटलेली आणि मांडवाबाहेरची कृष्णा मळलेली. पायऱ्यांशी निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, एका बाजूला जलपर्णी. वर आठ-नऊ किलोमीटरवर धोमचं धरण आहे, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर इथलं पाणी जेमतेम हलतं. पुराला तोंड द्यायला माशाचा आकार कोरणाऱ्यांना साचलेल्या पाण्याचा विचार करायची वेळ कधी आली नसेल.

अकराच्या सुमारास गंगापुरीत विश्वकोशाच्या कार्यालयाशी पोचलो. ज्याच्यासाठी एवढे आलो ते हेच. फाटक बंद. मी हलवून बघितलं. शेजारून सायकलवर चाललेले एक गृहस्थ थांबले.

"आज शनवार हाय की पाव्हणं. सरकारी हापिस. सोमवारी या."

सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात वाईच्या त्या वाड्यातले म्हातारे कधी सुट्टी घेतच नव्हते, हा खरा घोटाळा. आईने फाटकाच्या गजांतून आत बघितलं. काही वेळाने म्हणाली, "साधंच आहे रे." तिचा सूर निराशेचा नव्हता. आपलं माणूस ज्यांच्याकडे नोकरीला आहे त्यांचं घर एकदा बघून घ्यावं, तसा होता.

मग प्रश्न उरतोच की विश्वकोश वाईतच का? मुंबई, पुणे, नागपूर सोडून तालुक्याच्या गावी का? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहत होते म्हणून, हे सरळ उत्तर. १९६० साली राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचं काम त्यांनी आपल्या गावी आणलं. पण तर्कतीर्थ तरी वाईचे कुठे? ते खानदेशातले, पिंपळनेरचे. चौदाएक वर्षांचे असताना शिकायला वाईत आले, ते नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत. हेच नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. त्यांच्याकडे शिकायला १९१७ साली आणखी एक तरुण आला होता, गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन. उपनिषदं, ब्रह्मसूत्रं, शांकरभाष्य असं सगळं वाचून तो परत गेला. त्याचं नाव विनायक भावे, म्हणजे आपले विनोबा.

पाठशाळा म्हटल्यावर सोवळं, घोकंपट्टी आणि जुनं ते सोनं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे उलटंच झालं. या पाठशाळेत तयार झालेल्या लक्ष्मणशास्त्र्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रातूनच दाखवून दिलं. १९३३ साली पुण्यात गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची, म्हणजे राजगोपालाचारींची, मुलगी लक्ष्मी यांचं लग्न लागलं. मुलगा वाणी, मुलगी ब्राह्मण, त्या काळी केवढा गदारोळ. ते लग्न लावलं वाईच्या या शास्त्रीबुवांनी. धर्मशास्त्राच्या संस्कृत वचनांचा 'धर्मकोश' पाठशाळेतला, 'नवभारत' मासिक इथलं. म्हणजे विश्वकोशाचं ऑफिस वाईत येण्याच्या कितीतरी आधी कोश करणारी माणसं वाईत बसलेलीच होती. वाई प्रसिद्ध दगडासाठी, आणि वाईत खरं काम झालं ते कागदावर. फोटो मात्र दगडाचेच निघतात.

दुपारी खानावळीत जेवून झोपलो. संध्याकाळी मी एकटाच लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयाकडे चक्कर मारून आलो. मे महिन्यातली इथली वसंत व्याख्यानमाला शंभरी ओलांडलेली आहे. वाचनालयाशी दोन आजोबा एका अग्रलेखावरून वाद घालत उभे होते. मी जरा रेंगाळलो तसे एकाने मलाच विचारलं, "तुमचं काय मत?" अग्रलेख मी वाचलेला नव्हता. पुण्यात असतो असं सांगून सटकलो.

रात्री घाटावर कीर्तन होतं. बुवांचा आवाज बसलेला होता, पण तबलजी तयारीचा. आई दहापर्यंत बसली. गुडघ्यांची आठवण मलाच करून द्यावी लागली.

रविवार

रिक्षा ठरवली. आधी धोम, मग येताना मेणवली. रिक्षावाला पोरगा विशीतला, उत्साही. दर दोन मिनिटांनी हात दाखवायचा: "दादा, इथं शूटिंग झालंय. त्या झाडाखाली पण झालंय. मावशी, त्या घाटावर तर लई." वाईकरांना सिनेमावाल्यांचं अप्रूप आता राहिलेलं नाही, पण पाहुण्यांना ते असणारच असं ते धरून चालतात.

धोमला नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. बघण्यासारखा आहे तो महादेवासमोरचा हौद. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, मधोमध एक मोठं कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. हौदात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगतंय असं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता. शेजारी साडेतेरा टीएमसीचं धरण, आणि कासव कोरड्यावर! आई म्हणाली, "बादलीभर तरी ओता रे कुणीतरी." मंदिर आवरणाऱ्या बाई हसल्या, म्हणाल्या, "श्रावणात या आजी, तेव्हा पवतंय."

मेणवली वाईहून जेमतेम तीन किलोमीटर. हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं आणि त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला. वाडा खाजगी मालकीचा आहे. बाहेरून बघाल तर नुसती जाड भिंत. श्रीमंतीचा तोरा कुठेच नाही. नानांच्या स्वभावाला हे शोभतं खरं. आत एका चौकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उजेड कमी-जास्त होत राहतो. लाकडी खांब, तुळया, जिने इतके अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल. भिंतींवर चित्रांचे विटलेले रंग, नानांचा म्हणून दाखवतात तो पलंग. आई जिन्याशी थांबली, म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथे ओसरीवर बसते. मला ओसरी पुरते."

मला वाड्यात बघायचं होतं ते तिथे आता नाही. मेणवलीचं दप्तर. नानांनी राज्यकारभाराची पत्रं, बातमीपत्रं, हिशेब जपून ठेवलेले होते. पुढे द. ब. पारसनीसांसारख्या इतिहासवेड्या माणसांच्या हाती ते लागले आणि पुण्याला गेले. पेशवाईचा उत्तरार्ध इतिहासकारांनी लिहिला तो बराचसा रुमालांत बांधलेले हे कागद सोडवून. आपल्याकडे वाडे जळतात, पडतात, भाऊबंदकीत फुटतात. कागद तर त्याच्या कितीतरी आधी वाण्याच्या पुड्यांत जातात. इथले वाचले.

वाड्यामागून उतरलं की घाट. मला विचाराल तर वाईच्या सातही घाटांपेक्षा हा देखणा. चंद्रकोरीसारखा वळलेला, पायऱ्या अजून सरळ, वर झाडं, आणि शेजारी मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं. सकाळी साडेदहाला तिथे धुणं धुणाऱ्या चार बायका आणि आम्ही. धुण्याचा आवाज समोरच्या काठावरून परत येत होता.

घंटा इथेच आहे. केवढी! पंचधातूची, आणि तिच्यावर कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी कोरलेली, खाली १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. एक भीमाशंकराला आहे. नाशकातली नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसलीय. त्यांतलीच ही एक महादेवाच्या दारी. तिला कुणी वितळवलं नाही, मेरीला घासून काढलं नाही. आहे तशी टांगली.

आई आता घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन बसली होती. मी तिला सांगितलं की नाना पानिपताहून कसेबसे जीव वाचवून परतले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आईला घेऊन तीर्थयात्रा करावी म्हणून लष्कराबरोबर गेले होते. बायको परत आली, आई त्या धामधुमीत हरवली ती हरवलीच. नानांनी आपल्या आत्मचरित्रात ते सगळं लिहून ठेवलंय.

"मुलाने लिहिलं म्हणून कळलं तरी," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझे बाबा हे सगळं मला वाचून दाखवायचे. कणीक मळताना. मी निम्मं ऐकायचे."

"कुठलं?"

"कपाटातलं. 'क'पर्यंत पोचलो होतो. मग त्यांचे डोळे गेले."

हे मला नवीन होतं. बाबा एकटेच वाचतात अशी आमची समजूत. मी पुढे काही विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही. त्या बायकांपैकी एकीने आईला विचारलं, "कुठलं गाव आजी?" आणि मग बार्शीच्या भगवंताच्या देवळापासून सुनेच्या नोकरीपर्यंत दोघींचं अर्धा तास चाललं. रिक्षावाला पोरगा घाटावर उलटा झोपून मोबाइल बघत होता.

वाईत परत येऊन मिसळ खाल्ली. रस्सा तिखट, बरोबर पाव भरपूर, एवढंच सांगण्यासारखं. बाजारातून हळद घेतली. वाईची हळद नावाजलेली आहे आणि आईच्या मते पुण्यात मिळते तिला "रंग असतो, वास नसतो." अर्धा किलो घ्यायला गेलो आणि दोन किलो घेतली, नणंदा-जावांना वाटायला. दुकानदाराने कागदात बांधून वर सुतळी गुंडाळली. स्टँडवर पाचगणीहून आलेल्या स्ट्रॉबेऱ्या विकायला होत्या, त्याही घेतल्या आणि गाडी येईपर्यंत संपवल्या.

पावणेचारची गाडी सव्वाचारला आली, महाबळेश्वरहूनच भरलेली. आईला कंडक्टरशेजारी जागा मिळाली, मी सुरूरपर्यंत उभा. वरून आलेल्या लोकांच्या हातांत क्रीमचे ग्लास आणि टोप्या. वाईला चहासाठी उतरलेला एक जण धावत येऊन चढला आणि बायकोला म्हणाला, "इथं बघायला एक गणपती आहे म्हणे."

येताना घाट लागत नाही, खंबाटकीचा बोगदा लागतो. बोगद्यात शिरल्यावर पिशवीतल्या हळदीचा वास एकदम दाटला. आईने मागे वळून हाक मारली.

"तो सायकलवाला काय म्हणाला रे? सोमवारी या ना?"

"हो."

"मग शुक्रवारी कशाला आलो आपण? पुढच्या वेळी रविवारी निघू."